बाईंचा कोरा रोल

काळोखे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. इस्पितळाच्या एक्स-रे विभागात ते लागले तेव्हा फिल्म अजून हाताने धुतली जायची आणि दिवसातले पाच-सहा तास ते डार्करूममध्येच असायचे. दार वाजवलं की आतून आवाज यायचा, "थांबा, उघडू नका." कुणीतरी गमतीने त्यांना काळोखे म्हटलं आणि ते चिकटलं. पुढे यंत्रं बदलली, डार्करूमची अडगळीची खोली झाली, काळोखे लख्ख उजेडात संगणकासमोर बसून लोकांच्या छात्यांचे फोटो काढू लागले, तरी नाव तेच राहिलं. त्यांच्या बायकोच्या फोनमध्येही ते काळोखे म्हणूनच होते.

इस्पितळाने मोडीत काढलेलं थोडं सामान त्यांनी रीतसर अर्ज करून घरी आणलं. दोन तपकिरी बाटल्या, थर्मामीटर, टायमर. बाथरूमच्या खिडकीला काळा कागद डकवला आणि स्वतःचे रोल धुवायला सुरुवात केली. हळूहळू कळलं की आपल्यासारखे आणखी वीस-बावीस जण आहेत, फोनमध्ये कॅमेरा असताना फिल्म भरून फोटो काढणारे. फोनवर त्यांचा एक ग्रुप होता. रविवारी सकाळी ही मंडळी फ्रेमवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत जमत. फ्रेमवाले म्हणजे तसबिरींना चौकटी करून देणारे गृहस्थ. स्वतः फोटो बेताचेच काढत, पण दुसऱ्याच्या फोटोत खोट काढण्यात त्यांचा हात कुणी धरत नसे.

काळोख्यांकडे चांगला स्कॅनर होता आणि चिकाटी होती. लोक त्यांच्याकडे रोल देत. ते धुवून, सुकवून, पट्ट्या कापून, मऊ ब्रशने धुळीचा कण न् कण झटकून स्कॅन करून देत. काळोख्यांच्या हातून एकही रोल वाया गेलेला नाही, असं ग्रुपमध्ये म्हटलं जायचं. काळोखे त्यावर नुसतं हसायचे, पण ते वाक्य त्यांना फार आवडायचं.

एकदा मोजणी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ चाकाच्या खुर्चीतून एक्स-रेला आले. श्वास लागत होता. काळोखे म्हणाले, "श्वास रोखून धरा." तर गृहस्थ म्हणाले, "किती धरू? शटर किती ठेवलंय?"

काळोख्यांना हसू आलं. "फिल्मवाले दिसता. मीही घरी रोल धुतो."

"पन्नास वर्षं. सगळे हद्दीच्या दगडांचे. नोकरीच तशी होती." गृहस्थ थांबून थांबून बोलत होते, पण बोलणं स्वच्छ होतं. "या वेळी मात्र हिचे काढलेत. आख्खा रोल. लग्नाला चाळीस वर्षं झाली, सवड झाली नव्हती. फिल्म परत गुंडाळताना हाताला ताण नीट लागला, म्हणजे छत्तीसच्या छत्तीस आलेत. रोल घरी टेबलाच्या खणात आहे. तुम्ही धुता ना? तिला सांगून ठेवतो."

"सांगा. मी करून देतो."

"मला इथं यायचंच नव्हतं," गृहस्थ जाता जाता म्हणाले. "पण घरात मतदान झालं. दोन विरुद्ध एक. पडलो."

सहा दिवसांनी ते इस्पितळातच गेले. महिनाभराने त्यांची बायको रोल घेऊन आली. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या त्या बाईंना सगळे बाईच म्हणत. पर्समधून त्यांनी रुमालात गुंडाळलेला रोल काढला. "तुमच्याकडेच द्यायला सांगितलं होतं त्यांनी," म्हणाल्या. "घाई नाही. पण लवकर होईल का?"

पुढच्या शनिवारी सकाळी काळोख्यांनी तो रोल धुवायला घेतला. त्याच सकाळी त्यांनी ग्रुपवर स्वतःचा एक फोटो टाकला होता. बस डेपोच्या भिंतीलगत दोरीवर वाळत घातलेले कंडक्टरांचे गणवेश, सगळ्यांच्या बाह्या वाऱ्याने एकाच दिशेला उडालेल्या. फोटो खरोखरच छान उतरला होता. फोन सारखा वाजत होता. कुणी 'व्वा' लिहिलं, कुणी अंगठा दाखवला, आणि फ्रेमवाल्यांनी चक्क लिहिलं, 'यात मला काही खोट सापडत नाही.'

काळोख्यांनी अंधारात फिल्म डब्यात भरली, झाकण लावलं, दिवा लावला. फळीवरची डावीकडची बाटली डब्यात ओतली. एका हाताने डबा हलवत दुसऱ्या हाताने ते फोन वाचत राहिले. बाटल्यांवरची लेबलं पाण्याने केव्हाच गेली होती. डावीकडे डेव्हलपर, उजवीकडे फिक्सर, आणि ओतण्याआधी एकदा वास घ्यायचा, अशी त्यांची वर्षानुवर्षांची पद्धत. त्या दिवशी त्यांनी वास घेतला नाही. वेळ झाल्यावर डब्यातलं परत बाटलीत ओतताना आंबूस भपकारा आला, फिक्सरचा. आदल्या दिवशी बायकोने फळी पुसली होती. बाटल्या उलट ठेवल्या गेल्या होत्या.

फोटो आधी डेव्हलपरने उमटवावा लागतो, मग फिक्सरने पक्का करायचा. आधी फिक्सर पडला तर तो फिल्मवरचं सगळंच धुऊन नेतो. हे काळोखे झोपेतसुद्धा सांगू शकले असते. तरी त्यांनी फिल्म पाण्याने धुतली, वेड्यासारखा वर डेव्हलपर ओतला, घड्याळ लावलं, डबा हलवला. झाकण काढलं तर फिल्म काचेसारखी निघाली. पलीकडचा नळ दिसत होता.

क्षणभर त्यांना बायकोचा राग आला. पण तो राग टिकला नाही, कारण फोन अजून दुसऱ्या हातातच होता.

बाई सोमवारी इस्पितळात आल्या तेव्हा सगळं सांगून टाकायचं असं काळोख्यांनी ठरवलं होतं. रात्रभर वाक्य जुळवलं होतं. बाई बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "आले का?" त्यांनी विचारलं.

"रोल कोरा निघाला, बाई."

"कोरा म्हणजे?"

पुढचं वाक्य तयार होतं, पण तोंडातून भलतंच बाहेर पडलं. "कधी कधी आत फिल्म नीट अडकत नाही. बटण दाबलं जातं, आवाज येतो, सगळं होतं. पण फिल्म जागची हललेलीच नसते."

"पन्नास वर्षं फिल्म भरत होते ते."

"हो. पण शेवटी शेवटी, आजारपणात..." काळोख्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. बाकीचं बाईंनीच पुरं करावं म्हणून सोडलं, हे त्यांना बोलतानाच कळत होतं.

बाई समोरच्या भिंतीकडे वळल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे मुलगा म्हणत होता ते खरं होतं. बाबांना आता काही कळत नाही, म्हणायचा. मी भांडायचे त्याच्याशी." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "मला दवाखान्यात नेऊ नका, म्हणाले होते. दोनदा म्हणाले. नाही ऐकलं मी. महिनाभर तेच डोक्यात फिरतंय. पण ज्याला फिल्म भरता येईना, त्याचं बोलणं तरी कितपत खरं धरायचं, नाही का?" त्यांनी सुस्कारा सोडला. "बरं झालं तुम्ही सांगितलंत. जरा मोकळं वाटलं."

काळोख्यांनी पट्ट्या घातलेलं पाकीट त्यांच्या हातात दिलं. बाई निघाल्या. हाक मारून परत बोलावता आलं असतं. पण पुढचा पेशंट दारात उभा होता, आणि काळोखे त्याला म्हणाले, "या, शर्ट काढून ठेवा."

दोन महिन्यांनी बाई नवऱ्याचा कॅमेरा गळ्यात अडकवून रविवारच्या बैठकीला हजर झाल्या. "मला शिकवा," काळोख्यांना म्हणाल्या. "निदान फिल्म नीट भरायला तरी शिकते."

काळोख्यांनी त्यांना जितकं मन लावून शिकवलं तितकं कुणालाच शिकवलं नसेल. प्रकाश मोजायला शिकवलं, बाथरूमला काळा कागद लावून दिला, रसायनं नेऊन दिली, स्वतःचा थर्मामीटर देऊन टाकला. बाटल्यांवर पक्क्या रंगाने नावं घातली. बाई म्हणत, "किती करता हो माझ्यासाठी. सख्खा भाऊ इतकं करायचा नाही." काळोखे मान खाली घालून डब्याचं झाकण घासत राहायचे.

बाई लवकर शिकल्या. त्यांना माणसांपेक्षा जागा आवडायच्या. पाण्याची टाकी, शाळेचा रिकामा व्हरांडा, उतारावर तिरके उभे राहिलेले दुकानांचे फलक. ग्रुपमध्ये कुणी नवीन आलं की बाई आपणहून त्याच्याजवळ जाऊन बसत आणि सांगत, "फिल्म अडकली की नाही ते दोनदा बघायचं. आमच्या ह्यांची शेवटची अडकलीच नव्हती." दोन वर्षांत काळोख्यांनी हे वाक्य कितीदा ऐकलं असेल कोण जाणे. दर वेळी ते चहा आणायच्या निमित्ताने उठायचे.

एकच गोष्ट त्यांनी बाईंना शिकवली नाही. फिल्मच्या कडेला कारखान्यातच बारीक आकडे घातलेले असतात, एक ते छत्तीस. कॅमेऱ्यात काहीही घडो, फिल्म नीट धुतली की ते आकडे उमटतातच. बाईंच्या कोऱ्या रोलवर ते नव्हते. जाणत्या माणसाने ती पट्टी नुसती उजेडात धरली असती तरी त्याला कळलं असतं की फिल्म कॅमेऱ्यात नाही, धुताना गेली. बाई आपल्या धुतलेल्या फिल्मवर आकडे बघत होत्या, पण ते कुठून येतात हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि काळोख्यांनी सांगितलं नाही.

मग एका रविवारी फ्रेमवाल्यांनी टूम काढली. "सगळे आपले चांगले चांगलेच फोटो टाकतात. बघून जीव विटला. पुढच्या रविवारी प्रत्येकाने आपला एक फसलेला फोटो टाकायचा." सगळे हसले. बाई बैठक संपल्यावर काळोख्यांकडे आल्या आणि पर्समधून तेच पाकीट काढलं.

"एवढं स्कॅन करून द्या. कडांसकट, पूर्ण पट्ट्या. खाली लिहीन, आमच्या ह्यांचा शेवटचा रोल. कुणाला तरी त्यातून शिकायला मिळेल."

काळोखे 'बरं' म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते.

ते स्कॅन ग्रुपवर गेलं की आकडे नाहीत हे पाच मिनिटांत कुणीतरी ओळखणार, यात शंका नव्हती. शुक्रवारी काळोख्यांनी रजा टाकली. एक नवा कोरा रोल कॅमेऱ्यात न घालताच अंधारात डब्यात भरला, बाटल्यांचा दोनदा वास घेतला, आणि आयुष्यात धुतला नसेल इतक्या काळजीने तो धुतला. फिल्म स्वच्छ निघाली, कडेला एक ते छत्तीस आकडे, आणि सुरुवातीचं उजेड लागलेलं टोक काळं. न अडकलेली फिल्म जशी निघावी तशी. त्यांनी ती तशाच सहा-सहाच्या पट्ट्यांत कापली, स्कॅन केली आणि बाईंना पाठवून दिली.

बाईंनी रविवारी सकाळी ती ग्रुपवर टाकली. बैठकीत फ्रेमवाल्यांनी फोनवर चित्र मोठं करून बघितलं. "आकडे कसे टिपटॉप आलेत बघा. धुण्यात काडीची खोट नाही. फिल्म कॅमेऱ्यातच फसलेली." आणि त्यांनी काळोख्यांच्या पाठीवर थाप मारली.

बाई फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या. "कुठे आहेत आकडे?"

फ्रेमवाल्यांनी कडेवर बोट ठेवून दाखवलं.

"हे माझ्या पट्टीवर नव्हते हो," बाई म्हणाल्या. "किती वेळा काढून बघितलीय मी ती. खिडकीत धरून बघते."

सगळे काळोख्यांकडे बघायला लागले. काळोखे म्हणाले, "बारीक असतात, बाई. पटकन दिसत नाहीत."

बाईंनी फोन खाली ठेवला. मग ओशाळं हसल्या. "असेल. माझे डोळेही गेलेच म्हणायचे आता. उद्या पट्ट्या द्या, भिंगातून बघते."

त्या हसण्याने काळोख्यांचं काळीज चिरलं. आधी नवऱ्याच्या डोक्यावर खापर फोडलं होतं, आता बाईंच्या डोळ्यांवर. चहा तसाच ठेवून ते घरी आले.

दुपारी बायको टेबल आवरायला आली तर त्यावर दोन पाकिटं शेजारी शेजारी होती. "हे काय, एकच फिल्म दोनदा?"

काळोख्यांनी सगळं सांगितलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच. बायको ऐकता ऐकता खुर्चीवर बसली.

"मी बाटल्या उलट ठेवल्या म्हणून झालं का हे?"

"नाही. मी वास घेतला नाही. फोन बघत होतो."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली. आजवर एक रोल गेला नव्हता."

बायको थोडा वेळ टेबलावरचा कपडा हातात चुरगाळत राहिली. "आणि आता सांगून त्यांना काय मिळणार? बिचाऱ्या त्या एका गोष्टीवर निवांत झाल्यात."

"हेच मी दोन वर्षं स्वतःला सांगत आलोय."

"तुम्हाला हलकं वाटावं म्हणून जाणार असाल तर जाऊ नका," बायको म्हणाली. "त्यांचं त्यांना द्यायला जाणार असाल तर जा."

दुसऱ्या दिवशी ड्युटी संपल्यावर काळोखे बाईंकडे गेले. तिसरा मजला, खिडकीपाशी वेताची खुर्ची, भिंतीवर जगाचा नकाशा. बाई भिंग काढूनच बसल्या होत्या. काळोख्यांनी दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली.

"यातली आकडे नसलेली तुमची आहे. दुसरी मी शुक्रवारी बनवली. तुमचा रोल मी घालवला, बाई. फिक्सर आधी ओतला. फिल्म चांगली अडकली होती."

बाईंनी दोन्ही पट्ट्या उजेडात धरून पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या.

"म्हणजे माझे डोळे ठीक आहेत."

"हो."

"आणि त्यांचं डोकंही ठीक होतं."

काळोख्यांना इथे थांबता आलं असतं. पण राखून ठेवण्यानेच ही वेळ आली होती. त्यांनी एक्स-रेच्या खोलीतलं सगळं बोलणं सांगितलं. शटरचं, दगडांचं, चाळीस वर्षांचं, हाताला लागलेल्या ताणाचं. आणि मतदानाचंही.

"दोन विरुद्ध एक," बाई हळूच म्हणाल्या. "माझं मत त्यांच्या बाजूने पडलं असतं तर..." त्यांनी पट्ट्या पाकिटात घातल्या. कुठली कुठल्या पाकिटात ते त्यांच्या लक्षात आलं नाही. "तुम्ही जा आता, काळोखे."

जिना उतरताना काळोखे वाट बघत होते, की आता हलकं वाटेल. तसं काही झालं नाही.

पुढच्या रविवारी त्यांनी बैठकीत स्वतःच उभं राहून सांगितलं. बाई आल्या नव्हत्या. फ्रेमवाल्यांनी विचारलं, "माझ्या कुठल्या रोलचं असं झालंय का?" काळोखे म्हणाले, "नाही. तो एकच." फ्रेमवाल्यांनी मान हलवली, पण ती कशी हलवली ते सगळ्यांनी बघितलं. त्यानंतर काळोख्यांकडे रोल यायचे कमी झाले. काही जण परगावी पाठवू लागले. काळोख्यांना त्याचं वाईट वाटलं, पण तक्रार करायला तोंड नव्हतं.

बाईंच्या मुलाचा फोन आला. तो दूर राहत होता. आवाज चढवून बोलला नाही, म्हणून ते जास्तच लागलं. "आई पुन्हा नीट झोपत नाहीये. मला विचारते, बाबांना कळत होतं ना रे तेव्हा? काय सांगू मी तिला? मतदानात दुसरं मत माझं होतं. तुम्ही सांगून मोकळे झालात. आम्ही दोघांनी कुठे जायचं?"

"चुकलो," काळोखे म्हणाले.

"कधी? तेव्हा की आता?"

मुलाने फोन ठेवला.

तीन महिने बाईंचं काही कळलं नाही. मग एक दिवस त्यांचाच फोन आला. "रविवारी सकाळी या. येताना एक वही आणा. मोठी."

काळोखे गेले. बाई बारीक झाल्या होत्या. त्यांनी खिडकीतल्या खुर्चीकडे बोट केलं. "पहिला फोटो इथं काढला. मी नुकते केस धुतले होते. म्हटलं, अहो, वाळू तरी द्या. ऐकलं नाही. लिहा."

काळोख्यांना क्षणभर कळेना. मग त्यांनी वही उघडली आणि 'एक' आकडा घातला.

"दुसऱ्यात मी मटार सोलतेय. चेहरा नाही, नुसते हात. मला वाटलं, ह्यांना मटार हवेत. तिसरा पाठमोरा, गॅसपाशी."

"उजेड कुठून होता?" काळोख्यांनी सवयीने विचारलं आणि विचारल्यावर घाबरले.

बाईंनी मात्र आठवून सांगितलं. "डावीकडून. दाराची फट होती. लिहा तेही."

असं दोन तास चाललं. नकाशासमोर लाकडी पट्टी धरून उभ्या असलेल्या बाई, हा नवऱ्याने मुद्दाम उभं करून काढलेला. चपलेचा अंगठा शिवणाऱ्या बाई. डुलकी लागलेल्या बाई, "झोपले नव्हते, नुसते डोळे मिटले होते, बटणाचा आवाज आला मला." तेवीसपर्यंत आल्यावर बाई थांबल्या.

"पुढचे आठवत नाहीत. तेरा राहिले."

"आठवतील तेव्हा मी येईन."

"या. पण मी माफ केलंय असं समजू नका."

"नाही समजत."

"आणि त्यांच्या दगडांच्या निगेटिव्हचे चार डबे आहेत माळ्यावर. ते स्कॅन करायचेत. इथेच, माझ्यासमोर. तुमचा फोन बंद करून."

काळोखे पुढच्या रविवारी स्कॅनर उचलून घेऊन आले. दर रविवारी ते दोन-तीन पट्ट्या करतात. शेतातले, रस्त्याकडेचे, कुंपणात अडकलेले दगड एकामागून एक पडद्यावर येतात. बाई शेजारी बसून बघतात. कधी बोलतात, कधी सगळी सकाळ एक शब्द बोलत नाहीत. रविवारच्या बैठकीला आता दोघंही जात नाहीत.

मध्येच एकदा बाईंना चोविसावा आठवला. मुलगा सुट्टीत आला होता, तो आणि बाई दारात उभे होते, सुटकेसवरून वाद चालला होता आणि आतून नवऱ्याचा आवाज आला होता, 'असेच थांबा.' पण तो ह्याच रोलवर होता की त्याच्या आधीच्या, हे बाईंना नक्की सांगता येईना.

"लिहा," त्या म्हणाल्या. "पण पेन्सिलीने. त्याला विचारून सांगते."